काठावर ठोकर

वर्लिन म्हणाला, आधी हात दाखवा.
ज्योतिषाकडे आल्यासारखा मी उजवा तळवा पुढे केला.
त्याने रेषा नाही पाहिल्या,
करंगळी पाहिली.
"आखूड. मूठ बारीक लागेल."

चिलिकॉथी, ओहायो. नोव्हेंबर.
शेजारी लॉन्ड्रोमॅट, त्यामुळे दुकानात
बंदुकीच्या तेलालाही साबणाचा वास.
लोरीन गाडीत बसून सँडविच संपवत होती.
गुरुवारच्या बायकांच्या गटात तिनेच माझं नाव घातलं,
पाच गुरुवार भाड्याच्या रिव्हॉल्व्हरवर काढल्यावर म्हणाली,
किती दिवस दुसऱ्याच्या चपला घालशील?

काचेवर त्याने तीन मांडली.
पहिलं हलकं, नऊ गोळ्यांचं, मूठ जांभळी,
चाप इतका जड
की ओढता ओढता नळी डावीकडे बघायला लागली,
पंगतीत वाढपी कुठवर आलाय ते बघावं तशी.
दुसऱ्याचा घोडा दरवेळी अंगठ्याने मागे घ्यायचा.
माझा अंगठा लॅबमध्ये तीस वर्षं मायक्रोटोम चालवून
गंजक्या कडीसारखा झालाय.
तिसरं जुनं. आठ गोळ्यांचं. निळसर काळं.
अक्रोडाच्या मुठीवर कुणाच्या तरी अंगठ्याने
घासून घासून केलेली बारीकशी बशी.

कुणाचं?
"शाळेच्या ग्रंथपाल बाईंचं. डोळे अधू झाले, विकलं."

तेव्हा मी बाबांसारखी वागले.
बाबा इचलकरंजीत टर्नर.
खंडेनवमीला लेथला झेंडूची माळ,
व्हर्नियरला हळदीचं एक बोट.
धातू आधी कानाने बघायचा, म्हणायचे.
वर्लिनने घरं रिकामी आहेत ते दोनदा दाखवलं,
मग मी कान जवळ नेऊन चक्र हळूच फिरवलं.
आठ घरं, आठ टिक.
सातवी किंचित उशिरा.
सांगितलं. तो हसला.
मग त्याने स्वतः ऐकलं.
मग हसायचा थांबला.

"आणि रिकामा घोडा पाडू नका हं," म्हणाला,
"टू-टूची गोळी मध्यावर पेटत नाही,
तिला काठावर ठोकर लागते.
घर रिकामं असलं की कडाच ठेचते."
खिशातून पिवळे प्लास्टिकचे गट्टू काढले,
भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात ते,
आणि भुईमूग टोकावा तसे आठही घरांत बसवले.
आता ओढा.

काठावर.
दहावीला गणितात मी काठावर पास.
एनसीसीत पाच गोळ्यांतली एक कागदाच्या काठावर,
बाकीच्या चार मातीच्या ढिगात.
हवालदार डोंगरे म्हणाले होते,
कागदाला लागली हेही काही कमी नाही, पोरी.

निमिषचा सिएटलहून फोन.
आई, कशाला? भीती वाटते का तिथे?
नाही रे.
भीती वाटणाऱ्याने हे घेऊच नये.
याने कागदाला भोक पडतं, मसुराच्या दाण्याएवढं.
मग?
मग काय.
जन्मभर लोकांचे चार मायक्रॉनचे काप काढले,
काचेवर चिकटवले, पुढच्या टेबलावर दिले.
निदान दहा पावलांवर काय झालं
ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.
तुझा काही नेम नाही आई, म्हणाला.
तोच शिकतेय, म्हटलं.

फॉर्म भरला. आडनाव रकान्यात मावलं नाही,
शेवटची दोन अक्षरं समासात गेली.
मंजुरी येईपर्यंत लोरीनचं दुसरं सँडविच झालं.
सातव्या टिकेबद्दल वर्लिनने तीस डॉलर कमी केले
आणि पिवळे गट्टू फुकट दिले.

खंडेनवमी कधीच होऊन गेली होती.
तरी घरी आल्यावर हळदीचा डबा उघडला,
पेटीला बाहेरून एक बोट लावलं,
मग कुलूप.

गुरुवारी आठांतल्या सात कागदात.
चुकली ती सातव्या घरातलीच का,
ते आता कळायला मार्ग नाही.
मोजायचं राहूनच गेलं.